नऊ नंबर नव्हे, आठ नंबर

डिसेंबरमध्ये नाशिकला भाच्याच्या साखरपुड्यात माझ्या काळ्या बुटांचा तळ चालता चालता भुगा होऊन गळून पडला. हे बूट मी जेमतेम सात-आठ वेळा घातले होते. बाकीची पाच वर्षे ते डोंबिवलीच्या घरात माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, खोक्यात जपून ठेवलेले होते. मागाहून कळले की हे जपणेच नडले. पॉलियुरेथेनच्या हलक्या, फोमसारख्या तळाला ओलावा आतून खात जातो, बूट नुसता ठेवला तरी ही क्रिया थांबत नाही, आणि बंद पिशवीत तर ओलाव्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. साखरपुडा मी भावोजींच्या चपला घालून पार पाडला. लग्न फेब्रुवारीत होते, म्हणजे माझ्या हाती दोन महिने होते आणि या वेळी बूट आणि सूट दोन्ही नीट विचार करून घ्यायचे, असे मी ठरवले.

बावीस वर्षे मी नऊ नंबरचा बूट वापरत आलो. पहिल्या नोकरीच्या वेळी एका दुकानात आठ नंबर चवड्याशी आवळला, तेव्हा विक्रेत्याने नऊ नंबर काढून दिला आणि तोच माझा नंबर ठरून गेला. टाच मागे सटकायची म्हणून मी जाड मोजे घालत असे, आणि तरीही संध्याकाळी करंगळीच्या बाजूला लाल वळ उमटलेला असे. सगळ्यांचे बूट असेच चावत असतील, अशी माझी समजूत होती.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या एका कारागिराकडे नेले. या वस्तीत बूट-चपला बनवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि बूट बनताना कसा दिसतो, हे मी तिथे प्रथमच पाहिले. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, म्हणून माप संध्याकाळी द्यायचे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. मला बसू न देता, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन कागदावर उभे केले आणि पेन्सिल अगदी सरळ धरून पायाची रेघ काढली. डावा पाय 26.4 सेंटीमीटर भरला, उजवा 26.7. मग अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी पायाभोवती टेप फिरवला, तर घेर 26 सेंटीमीटर. लांबीने माझा पाय आठ नंबरचाच होता; तो फक्त रुंद होता. ब्रिटिश मापात एका नंबराने बुटाची लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी मात्र त्या मानाने फारच थोडी वाढते. त्यामुळे रुंदीसाठी नंबर वाढवला की पुढे मोकळी जागा उरते, टाच सटकते आणि पाय जिथे वाकतो तिथे बूट वाकत नाही. माझे वडील कोल्हापूरला पायताण करून घ्यायचे तेव्हा चामड्यावर पाय ठेवूनच माप द्यायचे. घरात पाहिलेली ही रीत मला बुटाच्या दुकानात एकदाही आठवू नये, याची त्या दिवशी खरोखर खंत वाटली.

कारागिराने आठ नंबरचाच, पण रुंद फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, निवडला आणि उजव्या, म्हणजे मोठ्या पायाचे माप धरले. मला ऑक्सफर्ड हवा होता. त्यांनी ऑक्सफर्ड आणि डर्बी, हे लेसच्या बुटांचे दोन्ही प्रकार पायात घालून दाखवले. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या भागाखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे माझ्यासारख्या उंच पाऊलपाठीवर त्या मिटत नाहीत आणि मध्ये रुंद फट राहते. डर्बीत या पट्ट्या वरून शिवलेल्या आणि खाली मोकळ्या असल्यामुळे पायाप्रमाणे सैल-घट्ट करता येतात. मी गडद तपकिरी डर्बी पक्का केला. निळ्या आणि राखाडी पँटवर तो शोभतो, आणि लग्नानंतर ऑफिसलाही चालतो. तळ मुद्दाम रबराचा, शिलाई केलेला घेतला. नुसता चिकटवलेला तळ स्वस्त पडतो, पण शिलाईचा तळ झिजल्यावर उसवून नवा बसवणे सोपे जाते, आणि पावसाळ्यात लोकलच्या जिन्यावर चामड्याच्या तळाचा भरवसा धरवत नाही.

सुटाचे माप द्यायला गेलो तेव्हा आमच्या शिंप्याने पहिलाच प्रश्न केला, ‘बूट आणलेत का, साहेब?’ टाचेची उंची कळल्याशिवाय ते पँटची लांबी धरत नाहीत. बूट तयार झाल्यावर मी पुन्हा गेलो आणि पँटचा कपडा बुटावर टेकून पुढे एकच हलकी घडी पडेल, इतकी लांबी ठरली. जुन्या पँटींच्या दोन-दोन, तीन-तीन घड्या बुटावर साचत आणि पाय आखूड दिसत. कापड मी गडद निळे, कमी वजनाचे टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकरीच्या मिश्रणाचे, घेतले.

कोटाच्या ट्रायलला मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा, असे माझे मत आहे. कच्च्या शिलाईत असतानाच खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाशी संपते का, ते पाहून घ्यावे, कारण बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पण खांदा दुरुस्त करायचा तर जवळजवळ सगळा कोट उसवावा लागतो. माझा खांदा अर्धा इंच बाहेर जात होता. शिंपीकाकांनी कुरकुर न करता खडूने खूण केली आणि आठ दिवसांनी दुसरी ट्रायल दिली. शर्टाचा कफ बाहीबाहेर अर्धा इंच दिसेल, असे बाहीचे माप घेतले आणि शिवणीच्या आत पुरेसे कापड राखून ठेवायला सांगितले, म्हणजे पुढेमागे वजन वाढले तरी कोट वाया जात नाही.

नवे बूट लग्नाआधी पंधरा दिवस रोज तासभर घरात घातले. आता ते लागोपाठ दोन दिवस वापरत नाही, मधल्या दिवशी आतला घाम सुकू देतो. पावसात भिजले की आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवतो, उन्हात किंवा शेगडीजवळ कधीच नाही, कारण तिथे चामडे कडक होऊन तडकते. प्लॅस्टिकची पिशवी बाद झाली; बूट उघड्या फडताळात असतात.

मंगलाष्टकांना मामा म्हणून मी अनवाणीच उभा होतो. रिसेप्शनला मात्र संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत पाहुण्यांचे स्वागत करत दारात होतो. मुक्कामावर येऊन मोजे काढले, तेव्हा करंगळीच्या बाजूला वळ नव्हता.