पहिला आणि तिसरा रविवार

"मालक, हे पोरगं अठराचं हाय म्हणायलेत," अण्णा दारातून ओरडले आणि लायनीतली माणसं हसली.

पोरगं जेमतेम अकराचं असेल. बापाच्या मागे अर्धं लपलेलं, हातात पॉपकॉर्नचा सगळ्यात मोठा डबा. बाप चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक. मोबाइलवर दोन तिकिटं दाखवत होता आणि अण्णांनी हात आडवा धरला होता. अण्णा आमचे जुने डोअरकीपर. आधी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. बोलायला मऊ, पण एकदा हात आडवा केला की तो हात मीसुद्धा खाली करू शकत नाही.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारचा शो. गणपती बसलेले, त्यामुळे समोरच्या गल्लीत लेझीम चालू. शुक्रवारपासून आम्ही 'तुंबाड' हा भुताचा पिक्चर परत लावला होता. २०१८ च्या ऑक्टोबरात हा पिक्चर पहिल्यांदा आला तेव्हा आमच्याकडं एक आठवडा कसाबसा टिकला. मी स्वतः तो रिकाम्या खुर्च्यांसोबत बघितला होता. सहा वर्षांनी तीच माणसं लाइन लावून उभी! पुढं सगळीकडं त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला केला. या धंद्यात काय चालेल ते सांगता येत नाही, हे मी तीस वर्षं सांगत आलोय.

पण पिक्चरला 'ए' प्रमाणपत्र. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात अठराच्या आतल्या पोराला असल्या खेळाला बसवलं तर थिएटरवाला गुन्हेगार. आई-बाप बरोबर आहेत, हे चालत नाही. लोकांना हे पटत नाही. "माझं पोरगं आहे, मी बघून घेईन," असं म्हणतात. याही गृहस्थांनी तेच म्हटलं. मी त्यांना बाजूला घेतलं. तिकिटं ऑनलाइन काढलेली, पैसे परत करणं माझ्या हातात नाही, पण दोघांना शेजारच्या दुसऱ्या पिक्चरला बसवतो म्हणालो.

"तसं नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले. "मला हाच दाखवायचा होता याला. मी मुंबईहून येतो. सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं उतरलो, रात्री त्याच गाडीनं परत. महिन्यातून दोनदा, पहिला आणि तिसरा रविवार. दिवसभर कुठं न्यायचं याला या गावात? सिद्धेश्वराचं दर्शन झालं, तळ्याला फेरी झाली, किल्ला झाला, जेवण झालं."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. असे रविवारचे बाप मला लांबून ओळखू येतात. गावात घर नसलेला बाप आणि आईकडं राहणारं पोर. पॉपकॉर्न गरजेपेक्षा मोठं घेतात, कोल्ड्रिंक पोराला विचारायच्या आधी घेतात आणि अंधार झाला की दोघांच्याही खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसतं. दोन-तीन तास बोलावं लागत नाही ना. थिएटरचा हा उपयोग कुठल्या जाहिरातीत येत नाही.

पुढं जे झालं ते मात्र मी आधी कधी बघितलं नव्हतं. पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही बघून या. मी बसतो इथं. मला मोबाइल द्या फक्त."

आणि बाप गेला. मोबाइल त्याच्या हातात दिला, माझ्याकडं बघून "चालेल ना?" म्हणाला, आणि मी "हो" म्हणायच्या आत दारातून आत. खरं तर मी नाही म्हणायला पाहिजे होतं. परक्याचं पोर ऑफिसात बसवून घेणं कुठल्याच नियमात बसत नाही. पण पोराच्या बोलण्यात इतकी सवय होती, की मी गप्प बसलो. आईनं किराणा आणेपर्यंत दुकानाबाहेर सायकल सांभाळावी, तसं ते बोललं होतं.

माझं ऑफिस केबिनला लागून आहे. मध्ये एक पातळ भिंत. ऑपरेटरनं पिक्चर सोडला आणि भिंतीतून पाऊस यायला लागला. 'तुंबाड'मध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत पाऊसच आहे. त्या पावसासाठी त्यांनी किती पावसाळे घातले, कोण जाणे. सोलापूरच्या माणसाला तेवढा पाऊस ऐकूनच भरून येतं.

पोरानं मोबाइल उघडलाच नाही. भिंतीकडं बघत बसला. पहिली किंकाळी आली तेव्हा पॉपकॉर्नचा हात थांबला.

"काका, कोण ओरडलं?"

"म्हातारी आहे एक. शाप लागलेली. घरात साखळीनं बांधून ठेवलीय."

"भयंकर आहे?"

"दिसायला आहे. पण तुला गंमत सांगू? त्या म्हातारीचं काम तुझ्याहून थोड्या मोठ्या पोरानं केलंय. मोहम्मद समद त्याचं नाव. तोंडाला सगळं मेकअपचं लोणी थापून. आणि तोच पोरगा पुढं हिरोच्या मुलाचं पण काम करतो."

त्याला हे फार आवडलं. "म्हणजे आजी पण तोच आणि नातू पण तोच?"

पणतू म्हणायला पाहिजे, पण मी दुरुस्ती केली नाही. त्यानं बोललेलं मात्र माझ्या डोक्यात बसलं. मी हा पिक्चर इतक्या वेळा लावला, पण असा विचार कधी केला नव्हता. घरात बांधून ठेवलेली भुकेली म्हातारी आणि बापाच्या मागं विहिरीत उतरणारं पोर, दोघांचा चेहरा एकच. दिग्दर्शक राही अनिल बर्वेंनी हे ठरवून केलं की सोयीसाठी, ते त्यांनाच ठाऊक. पण त्या घराण्यात दुसरं काय आहे? पिक्चरचा हिरो विनायक, वाड्याच्या सरकारानं त्याला कधी पोर म्हणून मान दिला नाही, आईला वचन देऊन मोडणारा विनायक, आणि मोठं झाल्यावर स्वतःच्या पोराला विहिरीतल्या हस्तरचं सोनं चोरायला शिकवणारा विनायक. सगळ्याच्या मुळाशी ती देवी, जिनं आपल्या हावरट थोरल्याला, हस्तरला, बाकीच्या देवांपासून पोटात लपवून वाचवलं. लाडावलेला थोरला. असले हस्तर आमच्याकडं गल्लोगल्ली मिळतील, फक्त त्यांच्यावर पिक्चर निघत नाही.

त्यातली आई रात्री म्हातारी उठली की पोराला हस्तरचं नाव घ्यायला शिकवते. नाव घेतलं की म्हातारी झोपते. हे ऐकलं की मला दर वेळी माझ्या आईची आठवण येते.

आमचे अप्पा गिरणीत होते. दुसरी पाळी सुटली की रात्री भोंगा व्हायचा, अख्ख्या सोलापूरला ऐकू जायचा. आम्ही चार भावंडं जागी असलो की आई म्हणायची, "झोपा, भोंगा झाला, अप्पा येतील आता." दुसऱ्यांच्या घरी बागुलबुवा यायचा, आमच्याकडं अप्पा. आम्ही गोधडीत तोंड खुपसून श्वास धरायचो. दार वाजायचं, चपला काढल्याचा आवाज, तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज. ते आमच्या जवळ येऊन उभे राहायचे, हे कळायचं. मग लांब जायचे. अप्पांनी आम्हाला कधी मारलेलं मला आठवत नाही. तरी भोंगा म्हटलं की अजून पोटात गोळा येतो, आणि आता तर भोंगाच राहिला नाही.

त्यांची सत्तरी उलटल्यावर एकदा मी हे त्यांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, पोरं लवकर झोपणारी आहेत."

म्हणून मला भुताच्या पिक्चरमधल्या भुताचं फार काही वाटत नाही. मी बारा-तेरा वर्षांचा असताना रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' बघितला, १९८४ चा भुताचा पिक्चर. तेव्हाच्या डोअरकीपरनं वय विचारलं नव्हतं, अण्णा असते तर गेलो नसतो. सगळे त्यातल्या सामरी राक्षसाला घाबरले. माझ्या डोक्यात राहिला तो ठाकूर. घराण्यातली बाई बाळंतपणात मरते, असा शाप. म्हणून बाप लेकीचं प्रेम मोडायला निघतो, पण तिला कारण सांगत नाही. सांगितलं असतं तर पिक्चर अर्ध्या तासात संपला असता. २०२४ च्या मार्चमध्ये 'शैतान' लावला होता. तो गुजराती 'वश'वरून केलेला, आणि दोन्हीत पोरीचं काम जानकी बोडीवालानंच केलंय. बाहेरचा माणूस पोरीला मुठीत घेतो, ती त्याच्या हुकमावर नाचते आणि बाप बघत राहतो. मी त्या वेळी मागच्या भिंतीला उभा राहून पडद्याकडं नाही, खुर्च्यांकडं बघत होतो. ते माझं जुनं खूळ आहे. आया डोळे झाकत होत्या. बाप मात्र टक लावून बसले होते. घरी पोरगी कुणाचं तरी ऐकते आणि आपलं ऐकत नाही, हे प्रत्येकाच्याच घरचं होतं.

माझी लेक पुण्यात शिकते. तिनं मला मोबाइलवर एक ऑस्ट्रेलियन पिक्चर दाखवला, जेनिफर केंटचा 'द बाबाडूक'. २०१४ चा. नवरा गेलेली बाई आणि तिचा वांड पोरगा. ती बाळंत व्हायला दवाखान्यात निघालेली असताना गाडीला अपघात होऊन नवरा गेला. त्यामुळं पोराचा वाढदिवस तोच नवऱ्याच्या जाण्याचा दिवस. घरात एक पुस्तक येतं, पुस्तकातनं बाबाडूक येतो, आणि हळूहळू कळतं की पोराला खरी भीती आईचीच आहे. शेवटी ते भूत मरत नाही. ती त्याला तळघरात ठेवते आणि गांडुळं नेऊन खायला घालते. लेक म्हणाली, "पप्पा, हे दुःखाबद्दल आहे." असेल. मला ते रोजच्या घरकामासारखं वाटलं. भाजी, भांडी, आणि खाली त्याला वाढून येणं.

इंटरव्हल झाला. बाप बाहेर आला, दोन समोसे घेऊन. तोंड ओशाळलेलं.

"कंटाळलास?"

"नाही. विनायकची आई त्याला पुण्याला घेऊन गेली का?"

बाप चक्रावला. "तुला कसं कळलं?"

"काकांनी सांगितलं. पुढं काय झालं?"

तो खुर्ची ओढून बसला आणि सांगायला लागला. आधी उरकून टाकल्यासारखं, मग हात वापरून. विहिरीत दोर कसा सोडतात, पिठाचं रिंगण कसं काढतात, कणकेची बाहुली हस्तरला कशी टाकतात. समोशाच्या कागदावर त्यानं विहीर काढली. घंटा झाली, लोक आत गेले, दार लागलं, पण तो उठला नाही. पोरानंही "जा" म्हटलं नाही. मी हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसलो. खरं तर एक ओळ लिहिली नाही.

भिंतीपलीकडं पिक्चर चालू होता आणि अलीकडं हा त्याच्या बरोबरीनं सांगत होता. २०१८ मध्ये बघितलेला, त्यामुळं पाठ होता. आवाज आला की म्हणायचा, "हां, आता पोरगा सराव करतोय." पोरगा चिकटून बसला होता. एका किंकाळीला त्यानं बापाचं मनगट धरलं आणि नंतर सोडायचं विसरला.

मग शेवट आला. ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. पोराच्या हट्टानं जास्त बाहुल्या नेतात, हस्तर एकाचे अनेक होतात. बाप बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून त्यांना आपल्याकडं ओढतो, म्हणून पोर वर येतं. वर आल्यावर शाप लागलेला बाप हस्तरच्या सोन्यानं भरलेला लंगोट पोरापुढं करतो. पोर तो घेत नाही. बापाला पेटवून देतं.

"मग बाप पण वर येतो," हा म्हणाला. "थोडं लागलेलं असतं त्याला. पोरगा सोनं नको म्हणतो. मग बाप पण म्हणतो, राहू दे. आणि दोघं घरी जातात."

भिंतीतून विनायकचा आवाज येत होता, माणसाचा न राहिलेला. मग पोराचा आवाज. मग जाळ.

माझ्या आयुष्यात पिक्चरची चुकीची गोष्ट सांगणारे लोक मी खूप बघितलेत आणि दर वेळी मधे तोंड घातलंय. त्या दिवशी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

शो सुटला. गर्दी उतरायला लागली. बाप सॅक आवरून हात धुवायला गेला. पोरगा समोशाच्या कागदाची घडी करत होता, विहीर आतल्या बाजूला येईल अशी.

"काका," तो दाराकडं बघत हळूच म्हणाला, "शेवट असाच आहे?"

"तुझ्या बाबांनी सांगितला ना."

"आवाज वेगळा होता," तो म्हणाला, आणि कागद खिशात घातला.

बापानं खालून हाक मारली. तो पायऱ्या दोन-दोन करत उतरला. अण्णांनी त्याला वाट करून दिली आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "मालक, सहाच्या शोला बाल्कनी पण फुल झालीय. हॉल झाडायला पोरं घेऊ का?"

"घ्या," मी म्हणालो.