तुम्ही विचारलंत म्हणून: जॉर्डन नव्हे, रसेल

शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यांत मी स्कोअररच्या टेबलावर बसतो, त्यामुळे माटुंग्यापासून नागपाड्यापर्यंत कोणत्याही कोर्टवर गेलो तरी एक प्रश्न हमखास कानी येतो: काका, सर्वांत थोर खेळाडू कोण? मायकेल जॉर्डनचे नाव ऐकायला मिळणार, अशी विचारणाऱ्याची खात्री असते. मी बिल रसेल म्हणतो, तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हा कोण, आणि जॉर्डन का नाही?

रसेल १९५६ ते १९६९ असे तेरा हंगाम बोस्टन सेल्टिक्सकडून खेळला आणि त्यांपैकी ११ हंगामांत त्याच्या संघाने एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, विजेतेपद मिळवले. जॉर्डनची विजेतेपदे सहा. परंतु विजेतेपद संघाचे असते, त्यात एकट्याचा वाटा किती हे दाखवल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही, आणि नेमके तेच रसेलच्या बाबतीत आकड्यांनी दाखवणे अवघड आहे. सामन्यामागे त्याची सरासरी १५.१ गुणांची, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी, तर शंभरांत ५६ च्या आसपास यशस्वी. रिबाउंडची, म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर चेंडू पकडण्याची, सरासरी २२.५ ही मात्र थक्क करणारी आहे. त्याचे खरे अस्त्र होते ब्लॉक, म्हणजे समोरच्याची फेक हवेतच अडवणे, आणि ब्लॉकची अधिकृत नोंद एनबीएने सुरू केली ती १९७३-७४ च्या हंगामात, तो निवृत्त झाल्यानंतर. आमच्या टेबलावरच्या स्कोअरशीटची गत आजही तशीच आहे. तिच्यावर गुण, फाउल आणि टाइम-आउट यांना जागा आहे, ब्लॉकला नाही.

आपल्या मुलांचा ब्लॉक कसा असतो ते आठवून पाहा. एखादा उंच मुलगा धावत येऊन चेंडूला असा सणसणीत तडाखा देतो की तो थेट रेषेबाहेर, कधी प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन पडतो. आरडाओरडा होतो, मित्र पाठ थोपटतात, आणि रेफ्री तो चेंडू शांतपणे आक्रमण करणाऱ्या संघाच्याच हाती परत देतो. दोन पास होतात, बास्केट पडते आणि मी रनिंग स्कोअरच्या आकड्यावर तिरकी रेघ ओढतो. त्या तडाख्याने मिळवले काय, तर टाळ्या.

रसेल डावखुरा होता. चेंडू टाकणारा बहुधा उजव्या हाताने टाकत असल्यामुळे रसेलचा डावा हात त्याच्या अंगावरून आडवा न जाता समोरूनच वर जाई. मग तो तडाखा देण्याऐवजी चेंडूला बोटांनी इतकाच धक्का देई की चेंडू मैदानातच राहावा, आणि शक्यतो आपल्याच माणसाकडे जावा. तिथून त्याचा सहकारी बॉब कूझी तो घेऊन पळे आणि समोरचे लोक वळून मागे धावू लागेपर्यंत दुसऱ्या टोकाला गुण झालेले असत. समोरच्यांचे दोन गेले आणि आपले दोन आले, म्हणजे एका धक्क्यात चार गुणांचा फरक पडला. बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवरून सुटू देऊ नयेत, अशी त्या काळी प्रशिक्षकांची शिकवण असे. रसेलने ती मोडीत काढली.

याहून बारीक गोष्ट अशी की तो प्रत्येक फेक अडवायला जातच नसे. प्रत्येक फेक अडवली जाऊ शकते असे समोरच्याला वाटत राहिले की पुरे, हे त्याचे गणित होते. जी फेक भीतीपोटी घेतलीच गेली नाही किंवा घाईने वाकडी गेली, तिची नोंद कोणता स्कोअरर करणार? शिवाय मागे रसेल उभा आहे या भरवशावर के. सी. जोन्ससारखे सहकारी पुढे जाऊन चेंडू हिसकावण्याचा धोका बिनधास्त पत्करत.

रसेलचा त्या काळातला प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन याचे नाव घेणारे जाणकारही भेटतात, आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. १९६१-६२ मध्ये चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले, एका सामन्यात तर १००. तरीही त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू रसेल ठरला, आणि तेव्हा मते खेळाडू देत असत. हे दोघे प्ले-ऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, आठदा समोरासमोर आले. सात वेळा रसेलचा संघ पुढे गेला.

त्या वेळी एनबीएत संघच मोजके होते, हा दुसरा आक्षेप. रसेल आला तेव्हा आठ होते, हे खरेच. पण आठच संघ असले की चांगले खेळाडू त्या आठांतच एकवटतात आणि सोपा सामना असा उरत नाही; मला तर हा आक्षेप रसेलच्याच बाजूचा वाटतो.

१९६६ मध्ये तो खेळाडू असतानाच संघाचा प्रशिक्षकही झाला. एनबीएतला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पहिल्या वर्षी चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाने त्याला हरवले, पुढची दोन्ही विजेतेपदे त्याची. त्यातले शेवटचे १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला, अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, १०८-१०६ असे मिळाले. विजयोत्सवासाठी यजमानांनी छताला फुगेदेखील टांगून ठेवले होते. पस्तीस वर्षांच्या रसेलचा तो अखेरचा सामना. त्यात त्याचे रिबाउंड २१ आणि गुण फक्त सहा.