गोवा बरा की महाराष्ट्र? तुम्ही विचारलंत म्हणून

दर मे महिन्यात आणि दर गणपतीत हा प्रश्न येतोच. पुण्याची मावसबहीण विचारते, ऑफिसातले विचारतात, आणि आता तर रिटायरमेंटनंतर कोकणात घर बघणारे अनोळखी लोकही कुणाकडून तरी नंबर घेऊन विचारतात की तुम्ही मूळच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याकडच्या, राहता गोव्यात म्हापशात, मग सांगा ना, राहायला गोवा बरा की आपला महाराष्ट्र? मी सांगायला लागले की दोन मिनिटांत गाडी मासे, समुद्र आणि पेट्रोलच्या दरावर जाते. म्हणून एकदाच नीट लिहिते.

मासे दोन्हीकडे तेच, पाऊस तोच, दशावतार गोव्याच्या पेडण्यातही रंगतो आणि आमच्या सावंतवाडीतही. हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की बदलतं ते सरकार, आणि मला विचाराल तर राहण्याच्या दृष्टीने तेवढीच एक गोष्ट बघण्यासारखी आहे.

गोव्यात २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या वर माणसं होती, त्यांना ४० आमदार. सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं आणि आमदार तीन, २८८ मधले तीन. क्षेत्रफळाने आमचा जिल्हा अख्ख्या गोव्याहून मोठा आहे हे किती जणांना माहितीये? म्हापशात गटार तुंबलं तर आमदाराच्या माणसाला फोन जातो आणि तो उचलतो, कारण इथे थोडक्या मतांनी सीट जाते. माझ्या गावात पावसात लाईट गेली की रात्र रात्र येत नाही, आणि मंत्रालय पाचशे किलोमीटरवर. यात तिथल्या आमदारांना किंवा वायरमनला दोष देत नाहीये मी, तो बिचारा भर पावसात पोलवर चढतो, पण एवढ्या मोठ्या राज्याच्या शेपटाला असलेल्या जिल्ह्याचा आवाज मुंबईपर्यंत किती पोचणार.

सावंतवाडीत कॉलेजला असताना मी याच्या अगदी उलट बोलायचे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का यावर झालेल्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचे आकडे मला तोंडपाठ होते, विलीनीकरण नको म्हणणारे १,७२,१९१ आणि हवं म्हणणारे १,३८,१७०, आणि हे चौतीस हजार मतांचं अंतर म्हणजे इतिहासातला अन्याय आहे असं मी तावातावाने मांडायचे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांचा विलीनीकरणवादी पक्ष लोकांनी निवडून दिलेला असूनही हे कसं झालं यावर मैत्रिणींशी भांडलेय. आज त्या मुलीला विचारावंसं वाटतं, गोवा महाराष्ट्रात आला असता तर तो आपल्यासारखाच एक जिल्हा झाला असता ना, मग बांबोळीला आज गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल आहे ते आहे तसं उभं राहिलं असतं का? ती म्हणेल, आणि मराठीचं काय? याचं उत्तर माझ्याकडे नाहीये. १९८७ च्या कायद्याने गोव्याची राजभाषा कोकणी झाली, मराठी सरकारी कामाला चालते, पण चालते एवढंच, आणि ते मला अजूनही लागतं.

बांबोळीचं का म्हणतेय ते सांगते.

२०१९ चा जुलै. रात्री साडेअकराला भावाचा फोन, "बाबांच्या छातीत दुखता, घामान भिजलेहत." मी म्हापशात, ते गावात. भावाने शेजाऱ्यांची ओम्नी काढली आणि आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे ड्युटीवर एक तरुण डॉक्टर, त्याने ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, अटॅक आहे, इथे हार्टचं काही होणार नाही, गोव्याला हलवा. आमच्याकडे लहान मुलालासुद्धा हे वाक्य माहीत असतं, गोव्याला हलवा. मग ॲम्ब्युलन्ससाठी थांबणं आलं, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, कुठे गेली असणार, बांबोळीलाच. ती परत येईपर्यंत थांबायचं की ओम्नीतूनच निघायचं हे भावाने फोनवर मला विचारलं आणि मी निघ म्हटलं. ते वाक्य मी किती सहज बोलले त्याची मला आजही भीती वाटते.

पेडण्यात तेव्हा हायवेचं काम चालू होतं, सगळा लाल चिखल, डायव्हर्जनवर ट्रक अडकलेले. मी स्कूटर घेऊन पुढे बांबोळीला जाऊन थांबले. मधे मधे भाऊ फोन करून फक्त जागेचं नाव सांगायचा, पेडणे, कोलवाळ, गिरी, पर्वरी, आणि मी कॅज्युअल्टीच्या दारात ओल्या रेनकोटमध्ये ती नावं ऐकत होते. त्यांना आणलं तेव्हा बाबा शुद्धीत होते आणि मला म्हणाले, "तू कित्याक इलंस पावसात?"

तिथल्या डॉक्टरांनी काय वेगाने काम केलं ते मी विसरणार नाही. अँजिओप्लास्टी झाली, बाबा वाचले. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हार्टचा एक भाग कायमचा कमजोर झालाय, दोन तास आधी आला असता तर एवढं डॅमेज झालं नसतं. ते दोन तास कुठे गेले ते मला माहीत होतं, दवाखान्यात, ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यात आणि चिखलात.

आणि मधे खिडकीवर विचारलं गेलं होतं, "पेशंट गोंयचो? कार्ड आसा?" त्याच्या आदल्या वर्षापासून बाहेरच्या पेशंटना फी लागू झाली होती, सिंधुदुर्गात त्यावरून आंदोलनंही झाली. विचारणारा नीट बोलत होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. गोव्याच्या माणसांच्या टॅक्समधून चाललेलं हॉस्पिटल आमच्या साडेआठ लाखांचा भार किती दिवस फुकट उचलणार, हे मलाही कळतं. पैसे भरले आम्ही, खासगीच्या मानाने कमीच होते. पण माझं आधार म्हापशाचं, बाबांचं बांद्याचं, आणि एकाच घरातली दोन माणसं त्या खिडकीवर दोन राज्यांची झाली.

मी गोव्याचं मतदार कार्ड केलं तेव्हा गावात बोलणी खाल्ली होती. दीनदयाळ कार्डाला, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याला, पाच वर्षांचा रहिवास लागतो, सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा दाखला, मग ते कधीतरी सुरू करायलाच हवं होतं. आपल्या मातीशी बेइमानी वगैरे ज्यांना म्हणायचं त्यांनी एकदा रात्री बारानंतर तो रस्ता पेशंट घेऊन करावा.

गोवा स्वर्ग आहे असं मात्र माझ्या नावावर सांगू नका. पर्वरीत, आसगावात भाडी आणि फ्लॅटचे दर इथे जन्मलेल्या पोरांच्या आवाक्यात राहिलेले नाहीत, डोंगर कापून व्हिला होतायत. तिळारीचं धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, पाणी बरंचसं गोव्याला, आणि कालवा फुटला की म्हापशाच्या बार्देश तालुक्यात नळ कोरडे. एमएच ०७ ची, म्हणजे सिंधुदुर्गातली, गाडी दिसली की पोलीस थांबवतात हे आमच्याकडच्या प्रत्येकाने अनुभवलंय. दुसरीकडे बाई म्हणून सांगते, गोव्याच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मिळकतीत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, घर विकायला बायकोची सही लागतेच. आमच्या गावात आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आणि भाऊबीजेला साड्या घेतल्या. घराच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या चुलत भावांपासून मुंबईतल्या नातवंडांपर्यंत नावं आहेत, त्यामुळे कोणी दुरुस्तीही करत नाही. रिटायरमेंटला जागा घेणाऱ्यांनो, व्ह्यू नंतर बघा, आधी तो सातबारा वाचा.

बाबा महिनाभर माझ्याकडे राहिले आणि परत गेले. "हयसर माका झोप लागणा नाय," एवढंच कारण. मी खूप भांडले. आधारचा पत्ता बदलू म्हटलं, तर म्हणाले, मरणाच्या भीतीनं गाव बदलू काय? २००१ ते २०११ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हा म्हणाले, मग मी तरी रवतंय.

पुढच्या महिन्यात त्यांचा इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, आहे. भाऊ म्हणतोय यावेळी आपल्याच जिल्ह्यात ओरोसला दाखवू, तिथे आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, आपणच गेलो नाही तर ते वाढणार कसं. मी बांबोळीच म्हणतेय. भावाचं बरोबर आहे हे मला कळतं, पण इको बाबांचा आहे. अजून ठरलेलं नाही.