आईबाबांना अनुराधपूरला नेताना: नागपूर ते श्रीलंका, माझा अनुभव

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधपूरच्या झाडाच्या फांदीपासून वाढलेला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ती फांदी श्रीलंकेतून आणली, हे आईने आम्हा भावंडांना लहानपणापासून सांगितलं. अनुराधपूरचं झाड मूळचं बुद्धगयेचं. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा थेरी त्याची फांदी घेऊन समुद्रापार गेली. आईने बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर सगळं पाहिलं होतं, राहिलं होतं ते हेच एक झाड. "मले थे पाहाचं हाय" एवढंच ती म्हणायची आणि विषय सोडून द्यायची, कारण तिच्या लेखी परदेश म्हणजे पैसेवाल्यांचं काम. आता तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मात्र ठरवलं की आणखी लांबवायचं नाही. मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आईबाबा, असे पाच जण निघालो.

टूर पॅकेजची पत्रकं आधी पाहिली. बहुतेकांत कोलंबो, चहाचे मळे, समुद्रकिनारा आणि मध्ये कुठेतरी अर्धा दिवस कँडी. अनुराधपूर कित्येकांत नव्हतंच. ज्यांत होतं, त्यांत दोन तासांत उरकून पुढे. वंदनेसाठी जाणाऱ्या माणसाला असं धावून चालत नाही. त्याला बसायला वेळ हवा असतो. म्हणून आम्ही स्वतःच गाडी ठरवली, आणि रोज काय पाहायचं ते आईच्या गुडघ्यांवर आणि विहारांतल्या पूजेच्या वेळांवर सोडलं. या प्रवासातला माझ्या मते सगळ्यात बरोबर निर्णय तोच होता.

खरी कसरत मात्र निघायच्या आधीची, आणि ती सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे अनेक घरी हेच अडतं. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले शिक्षक, त्यांचे कागद चोख होते. आईच्या आधारवर फक्त जन्मसाल, मतदार ओळखपत्रावर वेगळंच वय. पासपोर्टला पूर्ण जन्मतारीख लागते. ती सापडेल अशी एकच जागा होती, भिवापूर तालुक्यातली तिच्या माहेरची शाळा. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानं इतकी जीर्ण होती की ते पट्टीने उलटत होते. आईचं नाव निघालं, तारीख निघाली, आणि पुढच्याच ओळीत तिच्या मैत्रिणीचं नाव निघालं. आईने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दाखल्यावर माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला हवा होता. आईबाबांचं लग्न बौद्ध पद्धतीने, गावच्या समाज मंदिरात झालेलं. त्या काळी नोंदणी कोण करत होतं? मग महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात इतक्या वर्षांनी त्यांच्या लग्नाची नोंदणी केली. तीन साक्षीदार लागतात. त्यांपैकी एक काका त्या लग्नात स्वतः हजर होते. आई त्या दिवशी इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली होती. सही करताना बाबांनी तिचा हात धरला नाही, पण चष्मा काढून दिला, तिचा घरी राहिला होता म्हणून. तो दाखला हातात आल्यावर आधार दुरुस्त झालं, मग पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट, मग पोलीस पडताळणी. ती कामं सरळ झाली. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सूट आहे, ती घ्या. आणि तिकीट काढायच्या आधी घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचे सगळे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव आणि तारीख ताडून पाहा. यात महिने जातात.

श्रीलंकेचा ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, घरबसल्या ऑनलाइन मिळते. तिथल्या सरकारच्या अधिकृत साइटवरूनच भरा, सारख्या दिसणाऱ्या साइट जास्तीचे पैसे घेतात. शुल्काचे नियम बदलत असतात, तेही तिथेच पाहा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट जवळ हवं. नागपूरहून चेन्नई, चेन्नईहून कोलंबो. दुसरं विमान जेमतेम दीड तासाचं. तिकीट काढतानाच आईसाठी व्हीलचेअर मागितली होती, त्यामुळे विमानतळांवर काही त्रास झाला नाही.

आम्ही फेब्रुवारी निवडला. अनुराधपूरच्या बाजूला तेव्हा पाऊस ओसरलेला असतो. तिथे दर पौर्णिमेला पोया म्हणून सार्वजनिक सुट्टी असते. दारू आणि मांस विक्री बंद, आणि पांढरे कपडे घातलेली माणसं विहारांकडे निघालेली. वैशाखी आणि जेठ पौर्णिमेला तर रस्त्यारस्त्यांवर मोफत जेवणाचे मांडव लागतात. आपल्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भोजनदानाचे स्टॉल लागतात तसेच. पण इतक्या गर्दीत आईला नेणं जमलं नसतं, म्हणून आम्ही माघ पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पोचलो.

जय श्री महाबोधी, म्हणजे आईला पाहायचं होतं ते झाड, उंच ओट्यावर आहे. भोवती सोनेरी कठडा, झुकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू. भाविकांना खालच्या ओट्यापर्यंतच जाता येतं. हे झाड इ.स.पू. तिसऱ्या शतकात लावलेलं. माणसाने लावलेल्या आणि ज्याच्या लागवडीची नोंद आहे अशा झाडांत हे जगातलं सगळ्यात जुनं मानतात. बाहेर फुलांच्या दुकानांत कमळं आणि निळी कुमुदं मिळतात. बाई फूल हातात देण्याआधी बाहेरच्या पाकळ्या एकेक करून मागे दुमडते, दोन बोटांत, न पाहता, आणि मिटलेली कळी बघता बघता उघडते. मुलगी तिथेच उभी राहून शिकून घेत होती.

आम्ही वाळूत बसलो. लाउडस्पीकरवरून भन्तेंनी त्रिशरण सुरू केलं, मग पंचशील. पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. भोवतालची शेकडो माणसं मागून म्हणत होती आणि आईचा आवाज त्यांत कधी मिसळला कळलंही नाही. चाल थोडी वेगळी, शब्द तेच. पाचही शिलं तिने अडखळल्याशिवाय म्हटली. शेजारच्या आजीने वळून पाहिलं, हसली, आणि आपल्या ताटातली निम्मी फुलं आईच्या ओंजळीत घातली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. शेवटी सगळ्यांबरोबर तीनदा साधु म्हणून झाल्यावर आई मला म्हणाली, "आपलंच म्हणून राहिले ना रे थे सारे!" मी या प्रवासावर जो काही खर्च केला, तो मला तिथे वसूल झाला.

थोडं व्यवहाराचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोपी काढायची, चपला बाहेर. दुपारी रुवनवेलीसाय या अनुराधपूरच्या मोठ्या स्तूपाच्या फरशीवर पाय भाजतात, म्हणून पहाटे जा. आईला जाड मोजे घातले, कुणी हरकत घेतली नाही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे ते अपमानाचं समजतात. पुरातत्त्व स्थळांच्या तिकिटात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे, मात्र पासपोर्ट दाखवावा लागतो. जेवण भात आणि भाज्यांचं, आपल्या तोंडाला लागतं. पण बाबा शाकाहारी आहेत, आणि तिथल्या नारळाच्या चटणीत, सांबोलात, सुक्या मासळीची पूड असते. तिला उंबलकड म्हणतात. हा एक शब्द पाठ करून ठेवा.

अनुराधपूरजवळच्या मिहिंतले टेकडीला १८४० पायऱ्या, पण गाडी बरीच वरपर्यंत जाते. संघमित्रेचे भाऊ महेंद्र थेर श्रीलंकेचा राजा देवानंपिय तिस्साला भेटले ते इथेच. आई चाफ्याच्या सावलीत थांबली, बाकीचे वर जाऊन आलो.

कँडीच्या वाटेवर, मातलेजवळ, अलुविहार आहे. पर्यटक इथे क्वचितच उतरतात. तुम्ही मात्र उतराच. त्रिपिटक आधी भिक्खूंच्या मुखोद्गत होतं. दुष्काळ आणि लढायांत पाठ असणारी माणसंच गेली तर सगळंच जाईल, या काळजीने इ.स.पू. पहिल्या शतकात ते याच ठिकाणी ताडपत्रांवर उतरवलं गेलं. एक माणूस लेखणीने पानावर कोरून दाखवतो. कोरताना काहीच दिसत नाही. मग तो तेलातली काजळी फासतो, पुसतो आणि अक्षरं काळीभोर उमटतात. ज्यांनी आयुष्यभर फळ्यावर बाराखडी गिरवून घेतली, ते बाबा तिथून हलायला तयार नव्हते. "लिहून ठेवलं म्हणून राहिलं," ते म्हणाले आणि ते पान त्यांनी पुन्हा मागून घेतलं. ज्या समाजाला अक्षर शिवू दिलं नव्हतं, त्यातली पहिली शिकलेली पिढी त्यांची, त्यामुळे त्या पानाचं मोल त्यांना वेगळं.

कँडीत बाबासाहेब येऊन गेलेत. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची पहिली परिषद इथे भरली, तेव्हा ते हजर होते. नागपूरची दीक्षा त्यानंतर सहा वर्षांनी. दलदा मालिगाव म्हणजे बुद्धांच्या दंतधातूचं, दाताच्या अवशेषाचं मंदिर. तिथे दंतधातू प्रत्यक्ष दिसत नाही, स्तूपाच्या आकाराचा सोन्याचा करंडक दिसतो, तोही पूजेच्या वेळी आणि चालत्या रांगेतून क्षणभर. खाली ढोल वाजत असतात. रांगेतून बाहेर पडल्यावर लोक जिना उतरून जातात. तसं करू नका. त्याच मजल्यावर गाभाऱ्यासमोर स्थानिक बाया भिंतीलगत बसलेल्या असतात, त्यांच्यात बसा. कुणी उठवत नाही. आईबाबा तिथे पूजा संपेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी नुवारा एलिया या थंड हवेच्या ठिकाणी जायचं ठरलेलं होतं. ते बाबांच्या सांगण्यावरून रद्द केलं आणि सकाळच्या पूजेला पुन्हा तिथेच गेलो.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर शेवटच्या दुपारी केलनियाचं विहार ठेवा. कोलंबोच्या जवळच आहे, विमानतळही फार लांब नाही. सोलियस मेंडिस यांनी तिथल्या भिंतींवर रंगवलेल्या चित्रांत फांदी घेऊन आलेली संघमित्रा आहे. मुलीने ती आधी ओळखली आणि आजीला हाताला धरून चित्रासमोर नेलं. दोघींनी ते चित्र खालपासून वरपर्यंत पाहिलं. गाडीवाल्याने घाई केली नाही, आम्हीही नाही.