बालसंगोपनाचा आदेश हातात, पैसे मात्र बँकेत अडकलेले

वडील किंवा आई गेलेल्या, पालक गंभीर आजारी असलेल्या मुलांचे बालसंगोपन योजनेचे अर्ज मी संस्थेतर्फे भरून देते. २०२३ पासून योजनेच्या नावाआधी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आलं आणि महिन्याचे १,१०० रुपये वाढून २,२५० झाले. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत हा आधार मिळू शकतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज, मग गृहचौकशी, मग मुलाला घेऊन बाल कल्याण समितीपुढे हजर राहणं. कागद नीट असले की समितीचा आदेश निघतो.

घोडं अडतं ते त्यानंतर, बँकेत. आणि ते इतक्या वेळा अडलेलं पाहिलंय की आता राग येतो.

पैसे जमा होत नाहीत म्हणून आई रोजंदारी बुडवून शाखेत जाते. काउंटरवरून उत्तर मिळतं, "आधार लिंक आहे." ती परत येऊन सांगते, "ताई, साहेब म्हणाले सगळं बरोबर आहे." लिंक असतंही, पण केवायसीपुरतं. सरकारी रक्कम आधारवरून येते, तेव्हा एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत त्या आधार क्रमांकासमोर त्या बँकेचं नाव चढलेलं असावं लागतं. याला सीडिंग म्हणतात आणि त्याचा संमतीअर्ज वेगळा असतो. काउंटरवर बसणाऱ्याला हा फरक माहीत असतो. तो समोरच्या बाईला सांगायला दोन मिनिटं लागतात, तेवढीही दिली जात नाहीत. म्हणून शाखेत "आधार लिंक करा" असं म्हणूच नका. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय" हेच शब्द वापरा. डीबीटी म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात जमा होणं.

सीडिंगच्या अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर तारीख आणि पोच शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पोच नसेल तर पुढच्या खेपेला "अर्ज आलाच नाही" हे ऐकावं लागतं. शाखा दाद देत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तिथेही हीच पोच जोडायची असते.

दुसरी मेख अशी की एका आधारसमोर एका वेळी एकच बँक राहते. शिष्यवृत्तीसाठी शाळेने कधीतरी उघडून दिलेलं खातं किंवा सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातं शेवटचं सीड झालेलं असेल, तर पैसे तिकडे वळतात आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, ते आधी केवायसी देऊन चालू करावं लागतं. सीड केलेल्या खात्यात महिन्या-दोन महिन्यांतून एखादा छोटा व्यवहार करत राहा.

कुठली बँक सीड आहे ते माय आधार संकेतस्थळावर दिसतं, पण ओटीपी लागतो. मुलाच्या आधारला बहुतेक वेळा वडिलांचाच नंबर असतो, आणि ते गेल्यावर तो बंद पडलेला. त्यामुळे आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं हे सगळ्यात पहिलं काम. खरं तर अर्ज भरायच्याही आधीचं. त्याच फेरीत मुलाचं बायोमेट्रिक तपासून घ्या. ५ आणि १५ व्या वर्षी ते अद्ययावत करावं लागतं.

कागदांचं राहिलंच. मृत्यूचा दाखला मृत्यू जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातून मिळतो, राहत्या गावातून नाही. माणूस शहरातल्या दवाखान्यात वारला असेल तर ग्रामपंचायतीत खेटे घालू नका. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आईच्या एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं असं असेल तर ते चौकशीच्या आधीच जुळवा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड यांचे तीन संच काढा. घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला पालकाचा फोटोही लागतो. त्यात घराचं दार दिसू द्या आणि दोघांचे चेहरे उन्हाकडे असू द्या. काळे पडलेले चेहरे पाहून फोटो परत पाठवतात.