ब्लॅक फॉरेस्टवरची चेरी घरी केली, आपल्या करवंदाची! (माझा अनुभव)

बऱ्याच जणांना अजून माहीत नाहीये म्हणून आधीच सांगते. मसाला पानात असते, आइस्क्रीमवर असते, बेकरीत टुटीफ्रुटीच्या शेजारच्या बरणीत असते ती लालभडक चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच, करवंद असतं. खरी चेरी आपल्याकडं येते काश्मीर-हिमाचलातनं, उन्हाळ्यात छोट्या खोक्यांत, महाग असते आणि लगेच मऊ पडते. त्या झाडाला हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते, त्याशिवाय नीट फुलत नाही, त्यामुळं साताऱ्यात तिचं काही खरं नाही. आणि करवंद म्हणाल तर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला गेलं की जाळ्याच जाळ्या. नात्यानं दोघींचा काही संबंध नाही हां, चेरी गुलाबाच्या कुळातली, आत एकच कडक बी, आणि करवंद कण्हेरीच्या कुळातलं, म्हणूनच तोडलं की पांढरा चीक येतो.

लेकीचा वाढदिवस मे महिन्यात असतो, केक मी घरीच करते, यावेळी ठरवलं की चेरीपण घरचीच.

राजवाड्यापाशी करवंदं घेऊन बसणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांना म्हटलं मावशी मला काळी नकोत, भरलेली पण कच्ची, जरा गुलाबी झाक आलेली द्या. त्या म्हणाल्या, "लोणचं घालायचं व्हय?" म्हटलं नाही, पाकात मुरवायचीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी निवडून आणली, वर दोन द्रोण पिकलेली काळी मैनापण दिली, आणि तीच पुढं फार उपयोगी पडली.

आता कृती. हाताला गोडंतेल लावूनच बसा, चीक साबणानं निघत नाही. प्रत्येक करवंद धुवून, एका बाजूनं उभी चीर देऊन केसाच्या पिनेनं (नवी घ्या, उकळून घ्या) बिया काढायच्या. हे काम वेळखाऊ आहे, खोटं कशाला सांगू, पण सासूबाई आणि जाऊबाई बसल्या सोबत, गप्पांत होऊन गेलं. मग रात्रभर मिठाच्या पाण्यात, त्यानं आंबट-तुरटपणा आणि चीक दोन्ही कमी होतं. सकाळी साध्या पाण्यानं तीन-चारदा धुवून काही तास चुन्याच्या निवळीत. पानाला लावतो तो चुना, पाण्यात ढवळून खाली बसू द्यायचा आणि फक्त वरचं नितळ पाणी घ्यायचं. करवंदात पेक्टिन (ज्यानं जॅम-जेली घट्ट होते ते) भरपूर असतं, चुन्यातलं कॅल्शियम त्याला धरतं आणि फळ शिजलं तरी लगदा होत नाही, कोहळ्याच्या पेठ्याला चुना लावतात तो याच्यासाठीच. नंतर परत भरपूर धुवायचं, चुना अजिबात राहता कामा नये, आणि उकळत्या पाण्यात थोडंसं मऊ होईपर्यंत ठेवायचं.

रंगाचं सांगते. बाजारातल्या चेरीला सहसा एरिथ्रोसिन नावाचा रंग असतो, आपल्याकडं परवानगी असलेलाच आहे, आणि आंबटपणात तो फळातच बसून राहतो, क्रीममध्ये उतरत नाही. मला तो नको होता. बीटचा रस उकळला की तपकिरी पडतो. मग त्या पिकलेल्या काळ्या करवंदांचा रस काढला, थोडं पाणी घालून उकळून फडक्यातनं गाळला, भांडं स्टीलचंच. काळ्या सालीतला रंग आंबट पाण्यात गडद लाल दिसतो आणि करवंद स्वतःच आंबट, त्यामुळं बाहेरचं काही घालावंच लागलं नाही. एकाच जाळीवरची कच्ची फळं पिकलेल्या फळांच्या रसात रंगली, मला याचा इतका आनंद झाला की काय सांगू!

पाकाला मात्र घाई चालतच नाही. पहिल्याच दिवशी घट्ट पाकात टाकलं तर फळातलं पाणी भराभर बाहेर ओढलं जातं, साखर तेवढ्या वेगानं आत शिरत नाही आणि करवंद सुरकुतून मनुक्यासारखं होतं. म्हणून सुरुवात पातळ पाकानं, त्या लाल रसातच साखर विरघळवून. रोज फळं काढून ठेवायची, पाकात थोडी साखर वाढवून उकळायचा, कोमट झाला की परत फळांवर ओतायचा. असं करत करत पाक एकतारीच्या पुढं मधासारखा होईपर्यंत. शेवटी फळ उजेडात धरलं की काचेसारखं आरपार दिसतं, तेव्हा समजायचं आत साखर भरली. करवंदाच्या आंबटपणामुळं पाकात साखरेचे खडे सहसा धरत नाहीत, लिंबू पिळायची गरज पडली नाही.

दुकानातल्यापेक्षा रंग काळसर लाल आला, थोडा क्रीममध्ये उतरतोपण, पण चवीला मागं आंबटपणा राहतो आणि तोच मला आवडला. ब्लॅक फॉरेस्टवर तर हाच रंग शोभतो. उरलेला पाक टाकू नका, गार पाण्यात घालून सरबत फक्कड होतं.

मावशी म्हणत होत्या की हल्ली डोंगराला वणवे लागतात त्यात फुलावर आलेल्या जाळ्या जळून जातात, त्यांना आता लांब चालत जावं लागतं. म्हणून भावात घासाघीस करू नका कृपया. आणि करणार असाल तर वळवाच्या आधीच करा, पाऊस लागला की करवंद पचपचीत होतं आणि मग कितीही चुना लावा, ते फळ उभं राहत नाही.