तेलाच्या डब्याची स्पिटफायर

गॅरेजात टोचन लावून आलेली जुनी गाडी दिसली की मालकाशी बोलायच्या आधी मी चुंबक शोधतो; ते पत्र्याला चिकटतं, पत्र्याच्या जागी भरलेल्या लांबीला, म्हणजे पुट्टीला, नाही. त्या दिवशी आली ती ट्रायम्फ स्पिटफायर, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, मार्क थ्री, १९६८ ची. लाल रंग असा की शेजारचा चहावाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला. सोबत सत्तरीचे काका आणि त्यांची मुलगी. काकांच्या वडिलांनी ही गाडी मुंबईत घेतलेली, काका हिच्यावरच शिकले. मुलीच्या हातात एका गॅरेजचं १४ लाखांचं एस्टिमेट होतं.

"एवढे घातल्यावर गाडी तेवढ्याची होईल का?" तिने थेट विचारलं.

"नाही होणार," मी म्हणालो. (धंदा असा करतात का, हे घरी रात्री ऐकावं लागलं, ते वेगळं.)

एस्टिमेट वाचलं. रंगाचे चार लाख, क्रोमचे दीड, सीट, कापडी हुड, इंजिन. आणि तळाला एकच शब्द, 'डेंटिंग', पंचवीस हजार. तिथेच मला शंका आली. स्पिटफायरच्या इंजिनाला मी घाबरत नाही. १२९६ सीसी, साधं लोखंडी, दोन एसयू कार्ब्युरेटर. पुढचा अख्खा दर्शनी भाग बॉनेटसकट वर उलटतो, चाकावर बसून इंजिनात हात घालता येतो. शिवाय गाडी मुळात ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीची चासी आखडून बनवलेली, आणि हेराल्ड तर १९६१ पासून मद्रासला बनत होती. पुढच्या चाकांचं बरंच सामान दोन्हींना एकच, त्यामुळे जुन्या बाजारात फिरायची चिकाटी असेल तर काही ना काही हाती लागतं.

घाबरायचं ते पत्र्याला. हेराल्डच्या चासीला दोन्ही कडांना रेल असतात. स्पिटफायरमध्ये त्या काढल्या आणि भार टाकला दाराखालच्या पोकळ पेटीवर, म्हणजे सिलवर. ती गंजली की नुसती शोभा जात नाही, गाडीची कंबरच जाते.

चुंबक डाव्या सिलवर धरलं, खाली पडलं. उजवीकडे धरलं, पडलं. काका म्हणाले, "चुंबक जुनं असेल." मी ते दारावर लावून दाखवलं, घट्ट बसलं.

मग दाराची वरची फट बघायला सांगितली. गाडी चाकांवर उभी, फटीत जेमतेम पोस्टकार्ड जाईल. चासीच्या मध्ये लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला, चार पंप मारले. त्याच फटीत माझं बोट गेलं. म्हणजे गाडी मधोमध वाकत होती. मुलगी दोन पावलं मागे सरली.

"बाबा, आपण हिच्यातून लोणावळ्याला गेलो होतो."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच पंपाचा दांडा हातात घेतला, गाडी खाली घेतली, परत वर घेतली, आणि फटीकडे बघत राहिले.

डेंटरने परवानगी घेऊन सिलवरची लांबी ठोकली. बोटभर जाडीचे पोपडे पडले. आत पत्रा होता, पण गाडीचा नव्हे. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा, रिव्हेट मारलेला, छापील अक्षरं आतल्या बाजूला. कधी कुणी केलं, काकांना ठाऊक नव्हतं. मधल्या काळात गाडी तीन गॅरेजांत राहून आली होती.

पुढे चाकाशी गेलो तर ट्रनियन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खालचा सांधा, ग्रीसने गच्च. काका अभिमानाने म्हणाले, "दर दिवाळीला मी स्वतः ग्रीस मारतो." आता काय सांगायचं? तिथे ग्रीस नव्हे, गिअर ऑइल लागतं. ग्रीस थिजतं, आतले आटे कोरडे राहून झिजतात, आणि एखाद्या वळणावर चाक आडवं पडतं. सांगितलं. आधीच तेवढं ऐकलेला माणूस, पण हे सांगण्यावाचून इलाज नव्हता.

मुलीचा शेवटचा प्रश्न व्हिंटेज गाड्यांना मिळणाऱ्या व्हीए मालिकेच्या नंबरचा, त्याने किंमत वाढेल का? २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, फारसा मूळ बदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

"रविवारी पानशेतला?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग नको."

माझा हिशेब मी कागदाच्या मागे लिहून दिला. दाराच्या चौकटीत आधी पाइपचे टेके वेल्ड करायचे, नाहीतर सिल कापताच गाडी बसते. इंग्लंडहून नव्या सिल मागवायच्या, त्या अजून मिळतात. फरशी, ट्रनियन, ब्रेक. रंग, क्रोम, सीट यांवर काट मारली. आकडा सव्वापाच लाखांवर आला. तेवढेही परत मिळणार नाहीत, हेही लिहिलं.

पंधरा दिवस फोन नाही. गाडी जागा अडवून उभी. मग काकांचा आवाज आला: "कापा."

सात महिने गेले, आणि सव्वापाचाचे सहा झाले. आता गाडी राखाडी प्रायमरमध्ये फिरते, दारं एका बोटाने लागतात. सिग्नलला कुणी विचारतं, "रंग कधी?" काका म्हणतात, "पैसे संपले," आणि पहिला गिअर टाकतात.